चौकोनांत हरवलेली गाठ

कुंभकोणमच्या आम्हा मराठी लोकांच्या घरांतही तमिळ रीत शिरलीय: मंगळसूत्राची पहिली गाठ नवरा मारतो, उरलेल्या त्याची बहीण. माझ्या लग्नात त्या माझ्या बहिणीनं, आक्कानं मारल्या. तिचे यजमान, आमचे भावजी, मात्र वर्षानुवर्षं म्हणत, "तू कसली मारतेस! तू तर सकाळच्या टिफिनच्या पंगतीत इडली खात होतीस."

नव्वदीच्या शेवटी लग्नाच्या कॅसेटला बुरशी लागली, म्हणून दुकानातून तिची सीडी करून आणली. पुरावा बघायला आक्का नाचियार्कोविलहून बसनं आली, भावजींना ओढत.

मुहूर्त आला. होमाचा धूर उठला, अक्षता उडाल्या आणि टीव्हीवर नुसते चौकोन. आक्काची लाल साडी आणि आग मिळून एकच ठिगळ.

"माझे हात कुठंयत रे?"

घरातला पहिला पदवीधर मी. समजावणं भागच होतं. "सीडीत जागा कमी असते, आक्का. जे हलत नाही ते थोडक्यात मावतं. सगळंच एकदम हललं की चित्र फुटतं, रंग एकमेकांत मिसळतात."

"म्हणजे जो काम करेल तोच पुसला जाणार?"

भावजी खो खो हसले. तेवढ्यात कॅमेरा पहिल्या रांगेकडे वळला. नादस्वर कानाशी वाजत असताना भावजी तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. मिशीचा केस न् केस स्वच्छ.

आक्कानं सीडी तिथंच थांबवायला लावली.

"गाठ राहू दे," ती म्हणाली. "साक्षीदार दिसला."

भावजींनी कॉफी मागितली. कुणी उठलं नाही.