जोडारणीचा हेवा

माझी भाची आठवड्यातले दोन दिवस माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून नोकरी करते. तिच्या घरी दोनच खोल्या, त्यात तिची आई सतत फोनवर, आणि शेजारी भिंतीला भोकं पाडायची हौस असलेला एक गृहस्थ. माझ्याकडे रुंद टेबल आहे आणि शांतता आहे. रंगभूमी सोडल्यापासून माझ्या कानांना काम नाही, तेही तिच्याच दिमतीला असतात.

ती नेमकं काय करते हे मला कळायला वर्ष लागलं. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर आपल्याला जे दिसतं, बटणं, रंग, याद्या, ते एक माणूस बनवतो. आपली माहिती जिथे साठवलेली असते तो सर्व्हर दुसरं कुणी सांभाळतं. या दोघांमधली बोलणी माझी भाची लिहिते. स्क्रीनने काय विचारायचं, सर्व्हरने काय पाठवायचं, उत्तर आलंच नाही तर पुढे काय करायचं. लिहिते जावास्क्रिप्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत, पण मी तिला जोडारीण म्हणतो. नळजोडणी करणाऱ्याचं कौतुक करायला कुणी थांबत नाही. पाणी आलं नाही की मात्र त्याच्याच नावाने शंख.

स्क्रीन बनवणारा तिच्या ऑफिसातला मुलगा. त्याला तिनेच नाव ठेवलंय, रंगारी. तिच्यानंतर दोन वर्षांनी नोकरीला लागला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं ती आठवड्याला किमान एकदा म्हणते.

"मामा, त्याने काल बटणाचा कोपरा गोल केला. फक्त कोपरा! आणि सगळं ऑफिस त्याच्या टेबलाभोवती. वा काय गोल आहे, वा काय गोल आहे! मी तीन आठवडे खपून एका दवाखान्याची सगळी जुनी माहिती नव्या सर्व्हरशी बोलती केली, तेव्हा आमच्या मॅडम काय म्हणाल्या माहीत आहे?"

"काय?"

"म्हणाल्या, झालं का ते?"

मी हसलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की हसू गिळावं लागलं. मी तरी कुठल्या तोंडाने हसणार? अकरा वर्षं मी नाटकात नायकाचा मित्रच होत आलो. नायक विंगेतून नुसता बाहेर आला की टाळ्या, आणि त्याच दारातून माझा प्रवेश झाला की प्रेक्षक खुर्ची सरकवून नीट बसायचे. ते सरकवणं अजून कानात आहे. हेवा मी जवळून ओळखतो.

या खेपेला मात्र नुसत्या हेव्यावर निभावणार नव्हतं. तिच्या ऑफिसने एका डायलिसिस केंद्रासाठी ॲप बनवलं होतं. तिथे रुग्ण आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास खुर्चीवर असतात. कुणाची पाळी कधी, कुठल्या खुर्चीवर, हे रोज बदलतं. पूर्वी सिस्टर एकेकाला फोन करायच्या, आता ते फोनवर आपोआप दिसणार होतं. गुरुवारी सकाळी केंद्राच्या लोकांपुढे ॲप दाखवायचं होतं, आणि शुक्रवारी दहाच्या बैठकीत दोन निर्णय व्हायचे होते. केंद्रात ॲप कधी चालू करायचं, आणि नवा गट निघतोय त्याचं प्रमुखपद भाचीला द्यायचं की रंगाऱ्याला.

गुरुवारी दुपारी ती आली ती चपला न काढताच.

"मामा, पकडला!"

"कोण?"

"रंगारी! अरे, आज डेमो झाला. त्याने फोन हातात घेतला, पाळ्यांची यादी उघडली. स्क्रीनवर थोडा वेळ चक्र फिरलं, आणि आली यादी! केंद्राच्या मोठ्या सिस्टर तर टाळ्याच वाजवायला लागल्या. मी मागे बसून सर्व्हरची नोंद बघत होते. कोण काय विचारतंय ते तिथे ओळीओळीने उमटतं. आणि तिथे काय होतं सांगू?"

"काय?"

"काही नाही. एक ओळ नाही! त्याच्या फोनने सर्व्हरला काही विचारलंच नाही. ती यादी खोटी होती, मामा. नमुन्याची. त्याने आधीच भरून ठेवलेली!"

तिचा चेहरा असा उजळला होता की मला भीती वाटली. इतक्या आनंदात मी तिला नोकरी लागली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"तिथे? आणि त्याला सावरायला वेळ देऊ? उद्या बैठकीत सांगणार. नोंद मोठ्या पडद्यावर लावणार. म्हणणार, मॅडम, जरा बघता का?" हे वाक्य तिने तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवलं. तिसरा सूर फारच चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे.

मी तिला माझी एक गोष्ट सांगितली. एका प्रयोगात नायक वाक्य विसरला. पुढचा शब्द मला पाठ होता, मी अगदी शेजारी उभा होतो. तरी मी चार श्वास गप्प राहिलो. त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला, आणि मग शब्द दिला.

"दिलास ना पण शेवटी?" ती म्हणाली. "मीही देणारच आहे. उद्या दहाला."

मग ती पुरावा गोळा करायला बसली. रंगाऱ्याने खोटी यादी नेमकी कुठे दडवली आहे ते शोधून बैठकीत दाखवायचं होतं. मी समोर वर्तमानपत्र धरून बसलो. तासभर बोटं खडखडत होती. मग ती थांबली. पुन्हा थोडी चालली. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना.

"मामा," ती म्हणाली, आणि आवाज एकदम लहान मुलीसारखा.

सापडलं होतं ते असं. सर्व्हर प्रत्येक फोनला आत यायचा एक परवाना देतो, टोकन म्हणतात. तो तासाभराने संपतो, मग फोनने नवा मागून घ्यायचा असतो. ही मागणी लिहिली होती भाचीने. आणि सगळ्या विनंत्यांवर एक पहारेकरी बसवला होता, तोही तिनेच. ज्याचा परवाना संपलाय त्याला नवा येईपर्यंत थांबवून ठेवायचं. आता नवा परवाना आणायला निघालेली विनंतीही त्याच पहारेकऱ्यापाशी आली. तो म्हणाला, तुझा परवाना संपलाय, नवा येईपर्यंत थांब. ती आणल्याशिवाय नवा येणार नाही, आणि नवा आल्याशिवाय तिला सोडणार नाही. सगळं फोनमध्येच जाम. सर्व्हरपर्यंत जाणार कोण?

स्वतः तपासताना ती दर वेळी नव्याने आत शिरायची, त्यामुळे तास कधी भरलाच नव्हता. रंगाऱ्याने मात्र नऊला फोन तयार ठेवला आणि डेमो सुरू झाला साडेदहाला.

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला गेले," ती म्हणाली, आणि पुढची म्हण पुरी केली नाही.

खोट्या यादीच्या शेजारी रंगाऱ्याने एक टीप लिहून ठेवली होती. तिने मला ती वाचून दाखवली: "तासाभराने उत्तर येत नाही. आठ सेकंदांनी नमुना दाखवतोय, फक्त डेमोपुरतं. केंद्रात लावण्याआधी काढणे. तिला कळवलंय."

"कळवलंय?" मी विचारलं.

तिने फोन काढला. त्याच्या मेसेजचा आवाज तिने दोन महिन्यांपूर्वीच बंद केला होता, कारण ऑफिसच्या गप्पांत त्याने काही टाकलं की खाली टाळ्यांची चित्रं यायची आणि हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बुधवारचा निरोप तिथे पडून होता. "एका तासानंतर अडकतंय, बघतेस का?" खाली नमस्काराचे जोडलेले हात.

तिने पहारेकऱ्याला सूचना लिहिली: परवाना मागायला निघालेल्याला अडवू नकोस. चार ओळी. मग हात मांडीवर ठेवून बसली.

"आता माझं दुरुस्त झालं. माझी चूक कुणाला कळायचं कारण नाही. त्याची खोटी यादी मात्र तिथेच आहे. उद्या मी ठरल्याप्रमाणे बोलले, तर मी काही खोटं बोलणार नाही. हो ना?"

"नाही," मी म्हणालो. "खोटं नाही."

"मग असा बघू नकोस."

"मी वर्तमानपत्र बघतोय."

"उलटं धरलंयस."

धरलं नव्हतं, पण मी तपासून घेतलं. तेवढ्यात तिने रंगाऱ्याला फोन लावला, आणि मला ऐकू यावं म्हणून टेबलावर ठेवला.

"अरे, ते तासाभराने अडकायचं माझ्यामुळे होतं. आत्ता काढलं."

"सुटलो!" पलीकडून आवाज आला. "बुधवारीच लिहिलं होतं की तुला."

"वाचलं नाही. तुझे मेसेज बंद आहेत माझ्याकडे. दोन महिने."

मग तो मोठ्याने हसला. "तरीच! मी सगळ्यांना सांगत असतो, ती बघा, किती शांत स्वभावाची आहे."

"मॅडमना का नाही सांगितलंस?"

"आधी म्हटलं, सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, जोडकाम कुणाचं? तुझं नाव निघालं असतं. आणि नंतर... खरं सांगू? टाळ्या पडल्या ना. मग तोंडच उघडेना."

"उद्या मी सांगणार आहे. सगळं."

"सांग," तो म्हणाला. या वेळी हसला नाही.

शुक्रवारी काय झालं ते संध्याकाळी कळलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, डेमोतली यादी खरी नव्हती, सर्व्हरपर्यंत काही पोचलंच नव्हतं, आणि ते माझ्या चुकीमुळे; त्याने बुधवारीच कळवलं होतं, मी निरोप वाचला नाही. मॅडमचा चेहरा उतरला. लगेच रंगारी उठला. म्हणाला, खोटी यादी मी लावली आणि गप्पही मीच बसलो, तेव्हा अर्धी चूक माझी.

"अर्धी!" भाची माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाली. "बघ ना, मामा! माझी चूकसुद्धा मला एकटीला मिळू दिली नाही त्याने! आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले, किती दिलदार, किती दिलदार!"

"आणि प्रमुखपद?"

"त्यालाच. मॅडम म्हणाल्या, तू निरोप वाचत नाहीस. काय बोलणार?" तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. "मला ते हवं होतं रे. फार हवं होतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. याला संवाद नसतो.

केंद्रात ॲप पुढच्या बुधवारी चालू झालं. खोटी यादी काढून टाकली होती. उत्तर आलं नाही तर आता स्क्रीन सरळ सांगणार होती: माहिती मिळाली नाही, केंद्राला फोन करा. मॅडमनी भाचीला तिथे पाठवलं, कारण तास भरल्यावर काय होतं ते डोळ्यांनी बघायला हवं होतं. खुर्च्यांच्या दोन रांगा, यंत्रांची संथ घरघर, आणि मोठ्या सिस्टरच्या हातात फोन. एक तास झाला. एक तास तीन मिनिटं. सिस्टरनी यादी उघडली. भाचीसमोरच्या सर्व्हरच्या नोंदीत एक ओळ उमटली, नव्या परवान्याची, आणि तिच्याखाली दुसरी. सिस्टरच्या फोनवर पुढची पाळी आली: शुक्रवार, सकाळी सात, खुर्ची नऊ. त्यांनी ती भिंतीवरच्या फळ्याशी ताडून पाहिली. बरोबर होती.

"काय सुंदर दिसतं हो हे!" सिस्टर म्हणाल्या. "अक्षरं किती मोठी, रंग किती शांत. कुणी केलं?"

"मग?" मी भाचीला विचारलं.

"सांगितलं की. म्हटलं, आमच्या ऑफिसात एक आहे, त्याने केलं. चांगलं काम करतो." तिने पाण्याचा पेला उचलला आणि घटाघट रिकामा केला. "मग मी म्हटलं, आणि आतलं जोडकाम माझं आहे."

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हो का? आणि पाच नंबरच्या खुर्चीची नळी बघायला गेल्या."