मंचावर मिठाची टोपली

"ही टोपली डोक्यावर घे आणि मंचावर ये," आमच्या ब्रुअरीचे मालक म्हणाले. "साडी मागच्या खोलीत ठेवली आहे. मागे खोचून नेस, तुमच्याकडे नेसतात तशी."

किहीमच्या एका रिसॉर्टमध्ये क्राफ्ट बिअर बनवणाऱ्यांची परिषद होती. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, ब्रुअर म्हणून अगदी नवी. उरणजवळच्या आमच्या गावच्या मिठागरातलं मीठ घालून मी गव्हाची आंबट बिअर तयार केली होती. जिवाणू कोणते, तापमान किती, मीठ नेमकं कधी घालायचं, सगळं माझं. त्या बिअरवर मीच बोलायचं ठरलं होतं.

"सर, माझं भाषण?"

"ते बघू नंतर. आधी लोकांना फील येऊ दे."

मी साडी नेसले. नवी नोकरी होती, समोर मालक होते, आणि जिभेला नकाराची सवय नव्हती.

टोपलीत पाकिटातलं बारीक, शुभ्र मीठ होतं. चुंबळ नव्हती. मिठागरातली बाई डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवल्याशिवाय टोपली उचलत नाही. मीठ ओलं असतं, जड असतं; त्यातून झिरपणारं खारं पाणी मानेवर उतरतं आणि कातडी सोलतं. माझ्या आईच्या मानेवर त्याचा डाग आहे. हा देखावा मांडणाऱ्यांना चुंबळ ठाऊक नव्हती, कारण त्यांच्यापैकी कुणाच्याच डोक्यावर कधी वजन आलं नव्हतं. बांबूची कड टाळूत रुतत होती. मला काहीच वाटत नव्हतं. दुखण्याची नोंद होत होती, एवढंच.

"ही आमची सॉल्ट गर्ल!" मालक माइकवर म्हणाले. टाळ्या. मोबाइल उंचावले.

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मिठाचा यीस्टवर परिणाम होत नाही का?"

"होतो, म्हणूनच मी मीठ..."

"अगं, तू फक्त हस. केमिस्ट्री मी सांगतो."

सभागृह हसलं. मग माझेच शब्द, माझ्याच क्रमाने, त्यांनी 'आम्ही' लावून सांगितले. मी टोपली धरून उभी होते.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"झाला का गो तुजा भाषान?"

"नाही."

"मंग तुला बोलावली कशाला?"

प्रयोगशाळेत निकालाचा अर्थ लागला नाही, की आम्ही मागे जाऊन विचारतो: मुळात तपासायचं काय होतं? आईने तेच विचारलं होतं. मला लोकांना दाखवायला बोलावलं होतं. माझं ऐकायला नव्हे.

सकाळी बिअर चाखण्याच्या टेबलाशी मालक पुन्हा टोपली घेऊन आले.

"चल, फोटो."

"नाही."

"सेंटिमेंटल होऊ नकोस गं. गोष्टीशिवाय बिअर खपत नाही."

"गोष्ट माझ्या आईची आहे. बिअर मी केली आहे. दोन्हींवर मी बोलेन, माझ्या कपड्यांत. नाहीतर मी इथे थांबणार नाही."

"तुमच्या लोकांना वर आणलं, की हे असं."

टेबलाभोवतीचे लोक ग्लासात बघत राहिले. कालची बधिरता गेली नव्हती. ती आजही पुरती गेलेली नाही. पण बधिर जिभेनेही नकार उच्चारता येतो, हे मला त्या टेबलाशी कळलं. मी बॅग उचलली.

बिअर त्यांच्याकडेच राहिली. 'सॉल्ट गर्ल' याच नावाने विकली जाते. आता मी दुसरीकडे ब्रुअर आहे. परिषदांची निमंत्रणं येतात. माझी जात, माझं गाव, माझ्या आईचे कष्ट यांतलं काहीही कुणाला शोभेसाठी मिळणार नाही. मी आधी एकच विचारते: माझी बोलायची वेळ कोणती? स्पष्ट उत्तर आलं नाही, तर मी जात नाही.