ताईच्या वरातीचं पातळ

देश स्वतंत्र झाला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत खड्डा खणला गेला. दुसऱ्याचा पहिल्याशी काय संबंध, हे फक्त आमच्या वडिलांना ठाऊक. ठाण्याच्या कचेरीत ते कारकून होते. तिथे चारचौघांत त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, की आमची थोरली सासरी जाईल ती घरी विणलेलं पातळ नेसून. थोरलीला विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

खड्डा हातमागासाठी होता. विणणाऱ्याने काठावर बसून पाय आत सोडायचे आणि खालच्या पट्ट्या दाबायच्या. डोंबिवलीतली आमची जमीन शेणाने सारवलेली, त्यामुळे खणणं सोपं गेलं. घरमालकाला वडिलांनी हे राष्ट्रकार्य असल्याचं सांगितलं, तेव्हा तो बिचारा काय बोलणार? आलेगेलेले मात्र भिंतीला चिकटून आत येत.

वडील ठाण्यातच कुठल्याशा विणकामाच्या वर्गाला मोजून चार दिवस गेले आणि लगेच आम्हाला शिकवू लागले. पदर विणायला त्यांनीच घेतला. सुताचा धोटा एकदा इकडून तिकडे फेकायचा, की मग स्वावलंबनावर भाषण. वीण इतकी सैल, की पदराआडून चुलीवरचं भांडं ओळखता यायचं. पदर संपला तसा उत्साहही संपला आणि ते देखरेखीवर आले.

मग मी आणि ताई बसलो. मी धागे तोडायचे आणि गाठी मारायचे, ताई रडत विणायची. कल्याणची सासरची मंडळी तालेवार. जावा काय म्हणतील, हा एकच घोर तिला लागला होता. लग्न तोंडावर आलं तरी पातळ अर्ध्यावरच.

शेवटी आई बसली. दिवसभर चूल, धुणं, लग्नाचे पापड, आणि वर हे. ती कुणाला एक शब्द बोलली नाही, सगळा राग सुतावर काढला. धागा असा काही ओढायची, की पातळाचा पन्हा रोज थोडा थोडा आत येऊ लागला. जरा हलक्या हाताने घे, असं वडिलांनी सुचवून पाहिलं. आईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते चपला घालून बाहेर गेले.

पातळ मागावरून उतरलं तेव्हा एका टोकाला ऐसपैस आणि दुसऱ्या टोकाला चांगलं वीतभर अरुंद. ताईने ते अंगाला लावून पाहिलं आणि बाजूला टाकलं. हे नेसून गेले तर जन्मभर हसतील मला, म्हणाली. वडील उरलेलं सूत गुंडाळू लागले. मला त्यांचा इतका राग आला होता, की अजून पुरता गेलेला नाही.

वरातीच्या वेळी आईने दार लावून घेतलं आणि ताईला स्वतः नेसवलं. अरुंद टोक आत, कमरेला. वरून दुसरा फेरा आला आणि ते झाकलं गेलं. माझ्या गाठी आणि ताईचं रडं निऱ्यांत गेलं. वडिलांचा पदर खांद्यावर. बाहेर कचेरीतली मंडळी तो चिमटीत धरून वाहवा करत होती आणि वडील विनयाने मान डोलवत होते. जावांनी नाकं मुरडली नाहीत. आईला कुणी काही विचारलं नाही.

निघताना ती ताईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पदर सांभाळ गं, फार विरविरीत आहे."

ताई तिच्या कानाशी वाकली. मी शेजारीच होते, म्हणून ऐकलं.

"पदराचं राहू दे. कमरेला तुझं आहे, ते सुटायचं नाही."