डबा हलवून बघ

सासूबाईंना मी आत्या म्हणते. भवानी पेठेतल्या आमच्या घरातून त्यांची शेंगाचटणी कुठे कुठे जाते, पण मसाल्याचं प्रमाण त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पोटच्या लेकीलाही नाही. मला ते हवं होतं, अगदी मनापासून. नुसतं कुटायला बसायचा मला कंटाळा आला होता.

त्यात मी क्लासला जाऊन पायथन ही संगणकाची भाषा शिकले आणि ऑर्डरी ठेवायला एक छोटा प्रोग्राम लिहिला. आत्या म्हणाल्या, "ह्या आठवड्याच्या ऑर्डरी नीट सांभाळ. जमलं तर प्रमाण सांगते."

झालं! सोमवारची एक किलोची ऑर्डर टाकली, बुधवारची दोनची टाकली. लक्षात ठेवायचं काम यंत्राकडे दिल्यावर मी खुशाल विसरले. शनिवारी बेरीज मागितली, तर पडद्यावर बारा. आत्या सकाळीच माहेरी, मंद्रूपला गेलेल्या. मी बारा किलो शेंगदाणे आणले आणि भाजायला बसले.

दुपारच्या एसटीनं आत्या परतल्या आणि दारातच थबकल्या. "कुणाचं लगीन हाय?"

"बारा किलोची ऑर्डर आहे ना, आत्या."

"बारा कुटनं आले? एकीला एक, दुसरीला दोन. तीनच की!"

माझं तोंड एवढंसं झालं. प्रोग्राम उघडून बसले. या भाषेत व्हेरिएबलला, म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्याला, नाव दिलं की भागतं. आत आकडा राहणार की अक्षरं, हे आधी सांगावं लागत नाही. कीबोर्डवरून आलेले माझे आकडे आत अक्षरं म्हणून बसले होते, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे दुसरं मांडणं. एकापुढे दोन, झाले बारा. नाव मात्र मी ऐटीत 'किलो' ठेवलेलं.

आत्यांना हे सांगितलं, तर त्यांनी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून कानाशी हलवला. आमच्याकडे त्या डब्यात आज जिरं असतं, उद्या खोबरं. त्या प्रत्येक डबा असा हलवूनच उघडतात.

"नावावर काय जातीस? तुजा डबा बी हलवून बघायचा की."

मी तसंच केलं. आत काय आहे ते प्रोग्रामला आधी तपासायला लावलं, अक्षरांचा आकडा करून घेतला. पडद्यावर तीन आले. पण प्रमाण हातचं गेलं, याचं मला फार वाईट वाटत होतं.

आत्या लसणाची परडी घेऊन शेजारी टेकल्या. "आता आकडाच बसतोय न्हवं?"

"हो."

"मग लिही. किलोला लसूण, एक मूठ."

मी घाईनं एक दाबला. त्यांनी माझा हात ओढून घेतला, सोललेला लसूण माझ्या मुठीत भरून बघितला आणि हसल्या.

"ती माजी मूठ झाली. तुजी लई ल्हान हाय. दीड लिही."

मी एक पुसला आणि दीड लिहिलं.