जाते की येते

माझ्या पहिल्या सिनेमाचा शेवट सायखेड्याला, मावशीच्या दारात अडकला होता. नायिका मावशीच. जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या मावशीला मी हट्टाने घेतलं होतं आणि तिने झकास काम केलं होतं. उरला होता एकच शॉट. बाई कायमचं घर सोडते, उंबऱ्यावर थांबून नवऱ्याला म्हणते, "जाते मी." बस्स! या दोन शब्दांसाठीच तर मी अख्खा सिनेमा लिहिला होता.

कॅमेरा मित्राचा. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या लग्नांच्या शूटिंगच्या ऑर्डरी सुरू, पहिलीच घोटीला. ऊनही भराभर उतरत होतं.

"अ‍ॅक्शन!"

मावशी निघाली, वळली. "येते मी."

"कट! मावशी, जाते."

"हां, जाते."

पुन्हा "येते मी." मी विनवलं, कपाळावर हात मारला, शेवटी चिडले. "अगं, ती परत येणार नाहीये! येते म्हटल्यावर लोकांना कळणार कसं? सगळा सिनेमाच बसेल माझा!"

मावशीही भडकली. "मला कळतं गं. पण घरातून निघताना जाते कसं म्हणू? जीभच वळत नाय. तूच म्हणून दाखव बरं, ह्या दारात."

मी तावातावाने उंबऱ्यावर गेले. आत नवऱ्याच्या भूमिकेत मावशीचे खरेखुरे यजमान, माझे काका, बसलेले. "जा..." पुढचं अक्षर काही निघेना. मित्र खो खो हसला आणि ऊन चाललं म्हणून ओरडला. शेवटी "येते"वरच भागवलं. नाशिक येईपर्यंत मी फुगून बसले होते.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो सायखेड्यातच, मंगल कार्यालयात, खिडक्यांना चादरी लावून. गाव लोटलं होतं. मावशी-काका माझ्या शेजारी. माझं मनात एकच चाललेलं: कळेल ना लोकांना?

पडद्यावर मावशी थांबली. "येते मी."

पडद्यावरचे काका गप्प. मी तसंच लिहिलं होतं. पण येते म्हणणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी असं गप्प राहून निरोप देत नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीला ते सहन होईना. ती ताडकन उठून पडद्यावर खेकसली, "अरे मेल्या, ये म्हण ना तिला!"

कळलं होतं! आनंदाने मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात सगळं कार्यालय मान वळवून खऱ्या काकांकडे बघायला लागलं. काका चाचरत उभे राहिले आणि शेजारी बसलेल्या मावशीला म्हणाले, "ये गं."