घर निवडायचं माझं शीट

नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींत मला एकाच कारणासाठी ओळखतात. मला गाता येत नाही, माझ्या पुरणपोळ्या फाटतात, पण झपाट्यानं वाढणाऱ्या उपनगरांपैकी कुठे घर घ्यावं हे सांगणारं एक्सेल शीट माझं आहे. नवऱ्याच्या व्हिसावर नुकती आले होते आणि घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती, तेव्हा केलं. ऑफिस किती मिनिटांवर, स्टेशन सायकलनं किती लांब, शाळा कशी, ताजा कढीपत्ता कुठे मिळतो, डॉक्टर नवे पेशंट घेतात का, जमीन समुद्रसपाटीच्या किती खाली, आणि गणपतीच्या आरतीला निदान दहा माणसं जमतील का. प्रत्येक रकान्याला गुण. आमच्या मराठी ग्रुपवर टाकलं आणि लोक खरंच त्यावरून घरं घ्यायला लागले. मी शेफारले. शीटला न विचारता कुणी घर घेतलं आणि त्यांच्याकडे पोह्यांत वाळका कढीपत्ता दिसला, की मला आतून बरं वाटायचं.

गेल्या वर्षी आमची पाळी आली. लायडनचं भाड्याचं घर मालकाला विकायचं होतं. नवऱ्याचं ऑफिस ॲमस्टरडॅमला. मला मात्र सहा वर्षं घरी काढल्यावर लायडनच्याच एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, सायकलनं दहा मिनिटांवर. होफडॉर्प, पाइनाकर आणि आल्मेरे अशी तीन नावं शीटमध्ये भरली. ॲमस्टरडॅमच्या पलीकडचं आल्मेरे पहिलं आलं.

रविवारी बघायला गेलो. निम्म्या रस्त्यांवर अजून वाळूचे ढीग होते आणि झाडांना काठ्या बांधलेल्या होत्या. एक डच आजी अंगणात रोपं लावत होत्या. नवऱ्यानं त्यांना फोनवर आमचं शीट कौतुकानं दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि मला विचारलं, "आणि तू कुठे काम करतेस?"

"लायडनला."

"बाप रे! रोज इथून जाणार?"

"ऑफिसचं अंतर धरलंय की शीटमध्ये," नवरा घाईनं म्हणाला.

"तुझ्या ऑफिसचं," मी म्हटलं.

मला भयंकर राग आला. त्याच्यावर काढावा तर शीट माझंच. सगळ्यात जास्त गुण 'ऑफिस' या रकान्याला होते आणि ऑफिस म्हणजे नवऱ्याचं, हे लिहायचीही मला गरज वाटली नव्हती. नोकरी लागून आठ महिने झाले तरी ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी 'माझी लॅब' असा एक रकाना वाढवला.

"अगं, यानं आल्मेरे तळाला जाईल," नवरा म्हणाला.

"जाऊ दे. तसंही समुद्राच्या खालीच आहे. मी ही नोकरी सोडणार नाही."

"सोड कुठे म्हणतोय मी? गुण किती देऊ?"

"तुझ्या ऑफिसला दिलेत तेवढे."

 त्यानंच आकडा घातला, आणि आमच्या दोघांच्या कामांच्या मधलं होफडॉर्प वर आलं.

नवं शीट मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकलं. नेहमीसारखे अंगठे आले. मग एका मैत्रिणीचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. शीटवरून घर घेतलेलं पहिलं जोडपं तिचंच, तेही आल्मेरेला. तिच्या घराचे गुण मी स्वतः मोजून दिले होते, आणि वास्तुशांतीला तिनं सगळ्यांसमोर माझे आभार मानले होते. तेव्हा ती वाखनिंगनला रोपांवर संशोधन करायची. जाण्यायेण्यातच दिवस संपायला लागला तशी वर्षभरात तिनं नोकरी सोडली. मुलांसाठी सोडली, असंच आम्ही सगळे म्हणायचो.

तिनं लिहिलं होतं, "छान केलंयस गं. मी नोकरीत होते तेव्हा का नाही सुचलं तुला?"