देवराईत टांगलेली नावं

या लेखात एका बाईचं नाव बऱ्याच वेळा येईल. वाचा, हरकत नाही, पण मोठ्याने वाचू नका एवढी विनंती आहे. तुम्ही म्हणाल, भोरला राहणारा, मोबाईलवर झाडं मोजून पोट भरणारा पदवीधर माणूस आणि बोलतो असं! मीही अशा माणसाला हसलो असतो.

मोटारी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने चार वर्षांपूर्वी हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाडीत, माळावर सहाशे झाडं लावायचं ठरवलं. कंपनीची माणसं शहरात, म्हणून काम आमच्या संस्थेकडे आलं आणि संस्थेतून माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येक झाड कंपनीतल्या एकेका माणसाच्या नावाचं, अशी कल्पना होती. रोपाला काठी, काठीला तारेने बांधलेली पत्र्याची पाटी, पाटीवर नाव आणि नंबर. शेवटी काही पाट्या उरल्या, त्यांवर आम्हा संस्थेवाल्यांची नावं टाकली. एका जांभळाला 'धनाजी' अशी पाटी लागली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

राखणीला वाडीतली कोंडाबाई मिळाली. साठी ओलांडलेली, काटकुळी, सगळा जन्म म्हशींमागे गेलेला. अक्षराशी तिची ओळख नव्हती. लावणीच्या वेळी मी पाट्या मोठ्याने वाचत पुढे चाललो आणि ती मागून एकेक रोप हाताने चाचपत आली. दुसऱ्या महिन्यात गेलो तर बाईला सहाशे नावं पाठ! म्हशीला बोलावतात तसं ती रोपांना नावानं बोलवायची.

"सोमेश्वरा, कीड लागली व्हय रं तुला? थांब, राख टाकते."

हा सोमेश्वर कंपनीत मोटारींना रंग द्यायचा. त्याच्या बायकोनेही कधी त्याची इतक्या मायेने चौकशी केली नसेल.

मलाही ती माळाच्या पार दुसऱ्या टोकावरून हाक मारायची, "धनाजीऽऽ!" हाक दरीपलीकडच्या कड्यावर आपटून परत यायची आणि माझं नाव मला दोनदा ऐकू यायचं.

तीन वर्षांनी कंपनीचे लोक पाहणीला येणार होते. प्रत्येक पाटी हिरव्या झाडावर दिसली, की पुढचा टप्पा मंजूर होणार होता. खालच्या झऱ्यावर सोलर पंप, वर वाडीत टाकी आणि दारात नळ. वाडीला त्या नळाचं काय मोल होतं ते सांगतो. कोंडाबाईची सून बनाबाई, सातव्या महिन्याची गरोदर, लावणीच्या आदल्या वैशाखात हंडा घेऊन झऱ्याची चढण चढत होती. कातळावर पाय सरकला. मूल गेलं. आठ दिवसांनी तीच बाई तोच हंडा घेऊन त्याच वाटेने खाली उतरली, कारण दुसरं पाणीच नव्हतं.

रोप मेलं तर त्या जागी नवं लावायचं आणि तीच पाटी त्याला बांधायची, अशी कंपनीची सोय होती. म्हणून तिसऱ्या उन्हाळ्यात नव्वद रोपं वाळली तेव्हा मी घाबरलो नाही. नर्सरीतून टेम्पो भरून रोपं पाठवली. कोंडाबाईने आषाढात ती लावली आणि एकूण एक जगवली. पण श्रावणात मोजणीला गेलो तर नव्या रोपांच्या काठ्या बोडक्या! पाटीचा फोटो काढल्याशिवाय मोबाईल झाड मोजत नाही. पाहणीला महिना राहिला होता.

"मावशी, पाट्या कुठायत?"

"देवाकडं हायत," ती म्हणाली आणि खुरपत राहिली.

माझं डोकं फिरलं. तरातरा देवराईत गेलो. माळाच्या कडेला भैरवनाथाची देवराई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला नेत नाही. भर दुपारी आत धुकं उतरलं होतं, दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. देवळामागच्या झाडाला फांदीफांदीवर घंटा टांगलेल्या होत्या, मेलेल्या जनावरांच्या गळ्यातल्या. वाडीची रीतच आहे. जनावर मेलं की त्याची घंटा देवाला द्यायची, दुसऱ्या जनावराच्या गळ्यात बांधायची नाही. आणि त्या दिवसापासून ते नाव घेऊन हाक मारायची नाही, कारण ज्याचं नाव तो ओ देतो म्हणे.

त्या घंटांच्या मध्ये माझ्या नव्वद पाट्या लोंबत होत्या. मेलेल्या रोपाची पाटी म्हणजे तिच्या लेखी मेल्याचीच घंटा. मी चिडून एकेक पाटी काढायला लागलो. सोमेश्वर. प्रेरणा. अमृत. मानसिंग. धडधाकट, पगार घेणारी, त्या क्षणी कारखान्यात जेवणाचे डबे उघडत असलेली माणसं. एका बारीक फांदीवरची पाटी उलटी झाली होती, ती सुलट केली.

धनाजी.

माझं जांभूळ चैत्रातच वाळलं होतं, हे तेव्हा कळलं. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट लक्षात आली. चैत्रापासून या बाईने मला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. अरे-तुरे करणारी बाई 'अवं' आणि 'हिकडं या' म्हणायला लागली होती. मला वाटलं होतं, आपला मान वाढला.

वाऱ्याची झुळूक नव्हती. तरी डोक्यावरची एक घंटा वाजली. एकदाच, म्हैस मान वळवते तेवढीच.

"ती चंद्री म्हस," मागून आवाज आला. कोंडाबाई कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. "आमच्या मालकांनी तिची घंटा काढून पारडीला बांधली हुती. नवी कशाला आनायची, म्हनले. तिसऱ्या दिशी पारडी चरायची थांबली आन् नीट कड्याकडं चालाय लागली, चंद्री पडली हुती तितंच. मालक दावं धराय धावले. म्या माळावरनं बघत हुते. दोगंबी गेले. ऊन हुतं चांगलं."

मालक म्हणजे तिचा नवरा हैबती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

"मावशी, ही माणसं जिवंत आहेत! मी जिवंत आहे!" माझा आवाज मलाच परका वाटला.

"व्हय. म्हून तर भ्या वाटतं. मेल्याला काय हुतंय?"

मग मी बोललो ते बोलायला नको होतं. म्हणालो, "पाट्या नाहीत तर पाणी नाही. मग बनाबाईला पाठवा झऱ्यावर जन्मभर."

धुक्यातून चढणीवर हंड्याची कडी वाजत होती. कोंडाबाई ती ऐकत राहिली, आवाज वाडीत पोचेपर्यंत.

"तुमच्याकडं कोरी पाटी हाय?"

पिशवीत होती.

"माजं नाव लिवा."

मला समजलं. समजूनही मी लिहिलं. नको मावशी, असं एकदा तरी म्हणायला हवं होतं. त्या क्षणी मला पाणी दिसत नव्हतं, पाहणीही दिसत नव्हती. त्या फांदीवरून माझी पाटी खाली यावी एवढंच मला हवं होतं. याची लाज मला आजही वाटते.

तिने पाटी हातात घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ती चंद्रीच्या घंटेशेजारी टांगली. "भैरवनाथा, ही एक घे. नव्वद सोड," इतकंच म्हणाली. उरलेल्या पाट्या स्वतःच्या हाताने उतरवल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नव्या रोपांना बांधल्या. मी फक्त नंबर बघत होतो. एकही चुकला नाही. जांभळाच्या नव्या रोपाला माझी पाटी बांधून तिने तार पिळली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं रं, धनाजी."

पाहणी झाली. सहाशेच्या सहाशे मोजली गेली. माघात पंप बसला आणि नळाचा कार्यक्रम ठरला. मांडव, माईक, कंपनीच्या वर्षाराणी मॅडम. मॅडम मनापासून बोलल्या. राखणदारिणीचा सत्कार करायचा म्हणून शाल-नारळ हातात घेऊन त्यांनी माईकवर नाव पुकारलं.

"कोंडाबाई!"

समोर सगळी वाडी बसलेली. एकाही माणसाने मान वळवली नाही. ती पहिल्याच रांगेत होती, नळाकडे बघत. शेजारी बनाबाईने खाली मान घातली.

"कोंडाबाई आल्यात का?"

कड्यावरून नाव परत आलं. वाडीतला म्हातारा सोनबा उठला आणि त्याने हात जोडून मॅडमना थांबायची खूण केली. मॅडम माझ्याजवळ वाकल्या. "धनाजी, त्या आहेत ना? म्हणजे... हयात आहेत ना?"

मी त्यांच्या हातातली शाल घेतली, खाली उतरलो आणि न बोलता तिच्या खांद्यावर घातली. तिचे खांदे थंड होते. माघ होता म्हणा.

तिला काही झालेलं नाही. नातीचं बारसं झालं, पाणी दारात आहे, नव्वदांतलं एकही झाड मेलेलं नाही. वाडीत तिला आजी म्हणतात, बनाबाईची सासू म्हणतात, मी मावशी म्हणतो. नावाने कोणीही नाही. तिच्या पावलांची चाहूल लागली की कुत्री मान वर करतात, तिच्या पलीकडे कुठेतरी बघतात आणि पुन्हा झोपतात.

मागच्या आठवड्यात मोजणीला गेलो तेव्हा माळावर धुकं होतं. पलीकडच्या टोकावरून हाक आली, "धनाजीऽऽ!" कड्यावर आपटून ती परत आली, माझं नाव मला दोनदा ऐकू आलं. ओरडून तिला नावाने हाक मारावी असं फार वाटलं, ती बिचारी धुक्यात एकटीच होती. मी नुसता हात वर केला. तिला तो दिसला नसणार.